पाठ टेकवायला शिकतेय: पंधरा आठवड्यांच्या नोंदी

३ मार्च

आजपासून वही सुरू. काल रात्री जिउ जित्सूच्या सरावाचा व्हिडिओ बघितला, पाच-पाच मिनिटांचे सहा राउंड, आणि त्यातल्या पाचांत माझी पाठ गेली. म्हणजे समोरचीने मागून मिठी मारली, दोन्ही टाचा माझ्या मांड्यांच्या आत अडकवल्या आणि मग गळा. पाचही वेळा सुरुवात अगदी तीच. आपण खाली जातोय असं वाटलं की माझं अंग आपोआप पालथं होतं, विचार वगैरे काही नाही, डोक्याच्या आधी खांदा फिरलेला असतो.

हे कुठून आलं ते मला माहितीये. बाराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत कुस्ती केली मी आणि कुस्तीत पाठ टेकली की संपलं, दोन्ही खांदे मॅटला लागले की चितपट, मग तुम्ही नऊ पॉइंटनी पुढे असलात तरी काही उपयोग नाही. खांदे टेकायचंही सोडा, फ्रीस्टाइलमध्ये पाठ मॅटकडे नव्वद अंशांच्या आत कलली तरी समोरच्याला २ पॉइंट. त्यामुळे वस्तादांचं एकच ओरडणं असायचं, पोटावर, पोटावर! हात-पाय पसर, जड हो, वाचशील. आणि खरंच वाचायचे. जिउ जित्सूत येऊन आता आठ महिने झालेत, व्हाइट बेल्ट आहे, आणि इथे तीच सवय मला रोज हरवतेय.

तर प्रकल्प असा: १४ जूनला स्पर्धा आहे, नाव दिलंय. तोपर्यंत एकच काम, खाली गेले की पालथं व्हायचं नाही, पाठ खाली ठेवायची आणि समोरचीला पायांच्या मध्ये घ्यायचं, म्हणजे गार्ड. बाकी कितीही भारी टेक्निक दिसलं तरी नंतर. दर सरावानंतर एकच आकडा लिहायचा, किती वेळा पालथी झाले.

आजचा आकडा: पाच राउंड, ७ वेळा. (एका राउंडात तीनदा.)

६ मार्च

आज सराव नव्हता म्हणून आयबीजेजेएफचे, म्हणजे जिउ जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम शांतपणे वाचले, आधी नुसते वरवर चाळले होते. टेकडाउन (उभ्याने पाडणं) २, स्वीप (खालून उलटवून वर येणं) २, पोटावर गुडघा २, गार्ड पास (पाय ओलांडणं) ३, माउंट (अंगावर बसणं) ४, बॅक कंट्रोल (मागून हुक घालून धरणं) ४, आणि प्रत्येक पोझिशन तीन सेकंद धरून ठेवली तरच पॉइंट. म्हणजे मी जीव तोडून पट काढणार (पाय धरून पाडणार), २ कमावणार, आणि एकदा पालथी झाले की ४ देणार, वर गळा उघडा. हिशोबच बसत नाही.

आणि ज्याची मला एवढी भीती वाटते ते, म्हणजे पाठ खाली, समोरची वर पण माझ्या दोन पायांच्या मध्ये अडकलेली, त्याला पॉइंटच नाहीत. शून्य. तिने माझे पाय ओलांडले तरच ३. मी वाचता वाचता थांबले इथे. नऊ वर्षं ज्या गोष्टीला मरण समजत होते तिला इथे कुणी एक पॉइंटसुद्धा देत नाही.

दुसरं लक्षात आलं ते वेळेचं. कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये तीस सेकंद विश्रांती, आणि खाली काही घडत नसेल तर पंच उठवून उभं करतात. जुदोतही तसंच, कासव होऊन बसलात की थोड्या वेळाने पंच "मते" (थांबा) म्हणतात आणि सुटका. इथे व्हाइट बेल्टला सलग पाच मिनिटं आणि सोडवायला कुणी येत नाही. पालथं पडून वेळ काढायचा हा माझा सगळा हिशोब पंचांच्या भरवशावर होता, हे आज पहिल्यांदा कळलं.

११ मार्च

चार राउंड, ६ वेळा. पार्टनर (ब्लू बेल्ट, माझ्याहून सात वर्षांनी लहान) राउंडच्या मध्येच म्हणते, "ताई, परत फिरलीस बघ." मला कळलेलंही नव्हतं.

१९ मार्च

आज सरांनी मला बाजूला घेतलं आणि जवळजवळ तासभर फक्त सरकायला लावलं. हिप एस्केप मी वॉर्मअपमध्ये रोज करते पण आज कळलं की मी नुसती लांबी पार करत होते. एक पाय रोवायचा, वजन त्याच पायावर आणि विरुद्ध बाजूच्या खांद्यावर घ्यायचं, कंबर उचलायची आणि मागे ढकलायची, म्हणजे मॅट आणि कंबर यांच्यात क्षणभर हवा आली पाहिजे. मी कंबर घासत नेत होते. वर साठ किलोचं माणूस असताना घासून काही हलत नाही.

आणि मग ते म्हणाले ती गोष्ट मी इथे नीट लिहून ठेवतेय. मी विचारलं, सर, मग दोन्ही खांदे टेकवून निवांत पडायचं का? ते म्हणाले, अजिबात नाही, सपाट उताणी पडलीस तर इथेही मेलीस. कुशीवर राहायचं. एक खांदा खाली, एक वर, तोंड समोरच्याकडे. म्हणजे वस्तादांनी शिकवलं ते चुकीचं नव्हतंच, दोन्ही खांदे एकदम टेकू द्यायचे नाहीत हे दोन्हीकडे खरं आहे, फरक फक्त कुठल्या बाजूला फिरायचं याचा आहे. मी तिच्याकडे पाठ करून फिरत होते, आता तिच्याकडे तोंड करून फिरायचं. इतकं बरं वाटलं हे ऐकून! नऊ वर्षांचं पुसून टाकायचं नाहीये, दिशा बदलायचीये.

मग फ्रेम. एक हात तिच्या गळ्याखालच्या हाडाशी, कोपर आत, दुसरा हात तिच्या कंबरेच्या हाडावर. ढकलायचं नाही, फक्त हाड मध्ये ठेवायचं, ढकललं की हात थकतो आणि सरळ झालेला हात आर्मबारला (कोपर उलटं वाकवायच्या डावाला) आयता मिळतो. आणि माझं कोपर आणि माझा गुडघा यांच्यात फट ठेवायची नाही. सर माझ्या फटीत चार बोटं घालून दाखवत होते, इथून येणार, इथून येणार. प्रत्येक वेळी बोटं आत जात होती.

सहा राउंड, ५ वेळा.

२ एप्रिल

डाव्या दंडावर लाल गोल चट्टा, कडा उठलेली, मध्ये साफ. नायटा. डॉक्टरांनी मलम दिलंय आणि चट्टा पूर्ण जाईपर्यंत मॅटवर पाय ठेवायचा नाही असं सांगितलंय. आमच्यातल्या एकाच्या मानेवर तो तीन आठवडे होता आणि तो रॅशगार्डची कॉलर वर ओढून रोज रोल करत होता, हे आता कळतंय. मला फार राग आलाय. ग्रॅपलिंगमध्ये आपण एकमेकांच्या कातडीला कातडी लावून तासतास असतो, तिथे लपवणं म्हणजे पार्टनरला फसवणं. सराव झाल्या झाल्या अंघोळ, गी (सरावाचा जाड पोशाख) दर वेळी धुणं, नखं कापलेली, मॅटबाहेर चप्पल आणि मॅटवर अनवाणी, यातलं काहीच अवघड नाही. आणि चट्टा दिसला की घरी बसायचं. दोन आठवडे गेले तर गेले.

प्रकल्पाचे दोन आठवडे मात्र खरंच गेले.

८ एप्रिल

घरी बसून रोज शंभर हिप एस्केप, दोन्ही बाजूंना. ब्रिजही (कंबर उचलून कमान) करतेय, तो कुस्तीतला आहे त्यामुळे मान तयार आहे. माउंटखालून सुटायला इथे तोच लागतो, फक्त डोक्यावरून सरळ मागे नाही, तिचा एक हात आणि त्याच बाजूचा पाय अडकवून त्या खांद्यावरून तिरपं जायचं.

मधल्या वेळात हा खेळ कसा आला ते वाचत होते. कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली, त्यांच्याच परंपरेतले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, त्यांच्याकडे कार्लोस ग्रेसी शिकले आणि पुढे रिओत त्यांनी शाळा काढली. धाकटे भाऊ हेलिओ अंगाने बारीक, त्यामुळे खाली राहून लढायचं शास्त्र त्यांच्या घरात घासूनपुसून तयार झालं. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचे जुदोवाले मासाहिको किमुरा विरुद्ध हेलिओ. किमुरा वजनाने बरेच जास्त, त्यांनी हात मागे पिळला, हाड मोडलं तरी हेलिओंनी टॅप केलं नाही (हाताने थापटून हार मानली नाही), शेवटी कोपऱ्यातून भावाने टॉवेल टाकला. त्या पकडीला जिउ जित्सूवाले आजही किमुरा म्हणतात, म्हणजे ज्याने हरवलं त्याचंच नाव डावाला ठेवलं. मला हे फार आवडलं.

१५ एप्रिल

परत मॅटवर. आज जे कळलं त्यासाठी ही वही लिहायला घेतली असं वाटतंय.

सरांनी राउंडची सुरुवातच वाईट जागेवरून करायला लावली. मी बसलेली, पार्टनर माझ्या मागे, तिचे दोन्ही हुक (टाचा) माझ्या मांड्यांच्या आत, सीटबेल्ट पकडलेला म्हणजे एक हात माझ्या खांद्यावरून आणि दुसरा काखेखालून, दोन्ही हात माझ्या छातीवर जोडलेले. तीन मिनिटं, सुटून दाखव. पहिल्या दोनदा मी काय केलं, तर पोटावर लोळले. तिने कंबर खाली दाबली, मी सपाट, माझे दोन्ही हात स्वतःला उचलून धरण्यात गुंतलेले, गळ्यापाशी कुणीच नाही. टॅप. परत तेच. टॅप. हा गळा लागतो तेव्हा श्वासाचा प्रश्नच नसतो, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि नीट बसला तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते, त्यामुळे बघू अजून थोडं असं म्हणायला वेळच नसतो.

तिसऱ्या वेळी सर म्हणाले, आता पाठ टेकव. मला कळेना, पाठीवर तर ती बसलीये. मग त्यांनी हाताने लावून दिलं. आधी माझे दोन्ही हात तिच्या गळ्याकडच्या हातावर, मनगट धरून छातीकडे खाली ओढायचं, नुसती हनुवटी दाबून काही वाचत नाही. मग तिचा काखेखालचा हात ज्या बाजूला आहे त्या बाजूला कलायचं. दुसरीकडे कललं तर गळा अजून घट्ट होतो. मग डोकं मागे दाबत दाबत खांदा मॅटला घासायचा, आधी एक, मग पाठ, आणि कंबर तिच्या मांडीवरून खाली सरकवायची. मी खांदा मॅटला लावला आणि तिच्या छातीची पकड सुटताना मला अक्षरशः जाणवली, चिकटलेली पट्टी सुटावी तशी. माझ्या पाठीला मॅट लागली की मध्ये तिची छाती मावायला जागाच नाही.

म्हणजे पाठ गेल्यावर सुटायचा रस्ताच पाठ टेकवणं हा आहे. नऊ वर्षं जे टाळलं तेच दार आहे. घरी येताना दोनदा थांबून मी भिंतीला पाठ लावून बघितलं.

आकडा: पाच राउंड, ३ वेळा.

१६ एप्रिल

मान आखडलीये, उजवीकडे वळत नाही. राउंड नाही, नुसतं सरकणं.

२८ एप्रिल

हाफ गार्ड! मी खाली, कुशीवर, तिचा एक पाय माझ्या दोन पायांत अडकवलेला. गेला महिनाभर इथे मी नुसता जीव वाचवत होते. आज पार्टनरने वरून माझं डोकं दाबायला हात उचलला आणि तिच्या काखेत मला जागा दिसली, मी हात आत घातला, अंडरहुक, कान तिच्या बरगडीला चिकटवला, कोपरावर आले, कोपरावरून हातावर, गुडघ्यावर, आणि तिचा पाय अजून माझ्या पायांत. मग हाताला ओळखीचं काहीतरी लागलं. तिचा गुडघा. एकेरी पट! पुढचं मला कुणी शिकवायची गरज नव्हती, डोकं आत, खांदा मांडीला, पाय छातीशी ओढला आणि कोपरा कापत चालत गेले. ती बसली. स्वीप, २ पॉइंट.

हे मी चार वेळा केलं आज. पाठीवरून उठून पट काढता येतो ही कल्पनाच माझ्या डोक्यात नव्हती, पट म्हणजे उभ्याने, खडाखडी करून, टाइमिंग बघून. आता कळतंय की खाली जाणं म्हणजे माझी कुस्ती संपणं नाहीये, ती खालून परत सुरू होते. सर लांबून बघत होते, काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

पाच राउंड, २ वेळा.

९ मे

वजनाचा निर्णय. फेदर गट ५८.५ किलोपर्यंत, आणि ते गी घालून. माझी गी दीड किलोच्या वर भरते, माझं वजन ५९.४. म्हणजे जवळपास अडीच किलो उतरवावं लागेल. कुस्ती करताना हे मी डोळे झाकून केलंय, पाणी तोडून, जाड कपडे घालून पळून, थुंकून. पण इथे वजन पहिल्या मॅचच्या अगदी आधी घेतात, एकच संधी, जास्त भरलं तर बाद, आणि वजनकाट्यावरून उतरलं की सरळ मॅटवर. पाणी तोडून आले तर तीच कोरडी पडलेली मी लढणार.

आणि खरं सांगायचं तर वजनकाटा म्हटलं की मला ७ ऑगस्ट २०२४ आठवतो. पॅरिस, ५० किलो, विनेश फोगाट. आदल्या दिवशी तीन कुस्त्या मारलेल्या, त्यातली पहिलीच गतविजेती युई सुसाकीवर, फायनलला पोचलेली, आणि दुसऱ्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त. रात्रभर घाम गाळून, केस कापूनसुद्धा. ज्यांनी कधी वजन तोडलंय त्यांना ती रात्र अंगावर आठवते. मी त्या दिवशी कुणाशी बोलू शकले नव्हते.

तर मी वरच्या गटात, ६४ किलोपर्यंतच्या, लढणार. समोरच्या जड असतील, चालेल. पोटभर पाणी पिऊन लढायचंय.

२० मे

चूक माझीच. उजवं कोपर. पार्टनरने आर्मबार लावला, हात सरळ झालेला मला दिसत होता, आणि मी म्हटलं अजून एक झटका देऊन सुटेन. कुस्तीत टॅप नावाची गोष्टच नव्हती, दुखलं तरी सहन करायचं हेच शिकलो. कट्कन आवाज आला, तिने लगेच सोडलं आणि ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली, डोळ्यांत पाणी. सूज आहे, पूर्ण वाकत नाहीये, डॉक्टर म्हणाले तुटलेलं काही नाही, दहा दिवस ताण नको.

तिला मी फोन करून सांगितलं की तुझं काही चुकलं नाही. आपण टॅप करू या विश्वासावरच समोरची पूर्ण ताकदीने डाव लावते, मी वेळेवर टॅप केला नाही तर मी तिचा विश्वास मोडला. हेलिओंच्या सामन्यात कोपऱ्यात भाऊ होता टॉवेल टाकायला. सरावात तो टॉवेल माझ्याच हातात आहे.

३ जून

कोपराला टेप लावून हलके राउंड. शेवटच्या आठ सरावांचे आकडे: २, १, २, ०, १, १, ०, १. शून्य पहिल्यांदा आला त्या दिवशी मी चार वेळा हरले, पण हरले ते समोरून, गार्ड पास होऊन.

१४ जून

स्पर्धा. वजन गीसकट ६०.८. आधी अर्धी बाटली पाणी प्यायलेली.

पहिली मॅच. समोरचीने कॉलर आणि बाही पकडली आणि लगेच खाली बसून मला गार्डमध्ये ओढलं, माझा पट तसाच राहिला. मी तिच्या पायांत उभी राहायला गेले, तिने माझा घोटा धरून पाय मोकळा केला आणि मी मागे पडले. स्वीप, २-०. पडताना मला डाव्या खांद्यात ती जुनी ओढ आली, फिर, फिर, आणि खांदा अर्धा फिरलाही होता. पण गुडघा आधी मध्ये आला. कसा आला माहीत नाही, तो आला. हाफ गार्ड, कुशीवर, कोपर आत. ती डोकं दाबत होती, मी वाट बघत होते, बाहेरून पार्टनर ओरडत होती, "ताई हात! हात!" मिनिटभराने काखेत जागा मिळाली. अंडरहुक, कोपर, गुडघा, पट. २-२. मग तिच्या गार्डमधून बाहेर पडायला जवळजवळ दीड मिनिट लागलं, शेवटी गुडघा कापून गेले आणि तीन सेकंद छातीने दाबून धरलं. ५-२. घड्याळ संपलं तेव्हा मला बोटं उघडता येत नव्हती.

दुसरी मॅच. जुदोवाली, पकडीवरूनच कळलं. मी पटासाठी खाली गेले की ती कॉलरने डोकं अजून खाली दाबायची. दुसऱ्या मिनिटाला तिने मला पाठीवर घेऊन फेकलं, सेओई नागे, आणि हवेतच मी पालथी फिरले. हवेतच! मॅटला पोट लागलं तेव्हा मला कळलं होतं की काय झालं. हुक आत. टेकडाउनचे २, पाठीचे ४.

मग गळा. हनुवटीच्या खाली हात शिरला नव्हता अजून. दोन्ही हात तिच्या मनगटावर, खाली ओढलं. काखेखालचा हात कुठल्या बाजूला? डावीकडे. डावीकडे कलले. डोकं मागे. खांदा घासला. तिला माहीत होतं मी काय करतेय, ती परत वर चढायला बघत होती, मी परत घासला. कितीतरी वेळ तेच चाललं होतं, आणि मग पाठीला मॅट लागली. थंड, घामाने ओली मॅट. मी फिरून हाफ गार्ड घेतला, शेवटच्या अर्ध्या मिनिटात पट काढून वर आले, २ मिळाले, पुढे वेळच नव्हता. ६-२ हरले.

हात मिळवताना ती म्हणाली, तू सुटलीस कशी, मला वाटलं झालंच होतं. मी तिला मिठी मारली.

१७ जून

व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला. खाली पडल्यावरची सवय बदललीये, ते दिसतंय. पडतानाची बदललेली नाही. अंगाखाली जमीन असेल तर मला निवड करता येते, हवेत अजून जुनंच अंग आहे. त्या जुदोवालीला निरोप पाठवून विचारलं, तुम्ही पडायला कसं शिकता? तिने लिहिलं, रोज, सगळ्यात आधी, कुशीवर, हात आपटून, हनुवटी छातीला, आणि कुणीतरी खरंच फेकल्याशिवाय येत नाही.

आज पार्टनरला मला फेकायला लावलं, हळू, जाड मॅटवर. वीस वेळा. अकरा वेळा कुशीवर, नऊ वेळा पालथी.